‘आनंदी राहा’ म्हणण्याआधी

समोर पहिलटकरणी बसल्यात, त्यांच्यामागे आया आणि सासूबाई, आणि पार दाराशी नवरे मंडळी. तुम्ही जरा पुढे या, अर्धं बोलणं तुमच्यासाठीच आहे.

दिवस राहिले की घरातून पहिला सल्ला मिळतो, ‘आनंदी राहा.’ पाठोपाठ दुसरा, ‘टेन्शन घेऊ नकोस, बाळावर परिणाम होतो.’ सांगणाऱ्याच्या पोटात मायाच असते. पण ऐकणारीला आधी फक्त बाळंतपणाची धास्ती होती, आता त्या धास्तीचीही धास्ती वाटायला लागते. बाथरूमचं दार लावून रडायचं आणि मग पोटावर हात ठेवून बाळाची माफी मागायची, असं ओपीडीत कितीजणी सांगतात. वर अभिमन्यूची गोष्ट आहेच. चक्रव्यूह ऐकताना सुभद्रेचा डोळा लागला, तर दोष तिचा! अहो, गरोदर बाईला गाढ झोप लागली तर आम्हा डॉक्टरांना बरंच वाटतं.

तर स्पष्ट सांगते. एखाद्या भांडणानं, रोजच्या काळजीनं, रडण्यानं बाळाचं काही बिघडत नाही. तीव्र चिंता किंवा नैराश्य उपचाराविना दीर्घकाळ राहिलं, तर वेळेआधी प्रसूती आणि बाळाचं कमी वजन यांची शक्यता वाढते. तिथे उपचार हवेत. धाक घालून काय होणार?

आता भीती येते कुठून? माझ्या पाहण्यात, बऱ्याचदा सोनोग्राफीच्या कागदातून. रिपोर्ट दुपारी हातात पडतो, डॉक्टर भेटणार दुसऱ्या दिवशी, आणि मधली सगळी रात्र मोबाईलवर. ‘नाळेचा एक वेढा’ असं लिहिलेलं असतं. घरात सुतकी शांतता. पण असा वेढा चार-पाच बाळांमागे एकाच्या मानेभोवती असतो आणि बहुतेक बाळं सुखरूप जन्मतात. विसाव्या आठवड्यात ‘वार खाली आहे’ म्हणतात. वार म्हणजे बाळाला पोसणारा, नाळेनं त्याला जोडलेला भाग. गर्भाशय वाढतं तशी ती बहुतेकींची वर सरकते, म्हणून तर बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा तपासतो. रिपोर्टमधला न कळलेला शब्द पेनानं अधोरेखित करून आणा आणि विचारा, ‘याचा माझ्यासाठी अर्थ काय? पुढे कधी बघायचं?’ डॉक्टर घाईत असले तरी विचारा. आम्ही घाईत असतो हा आमचा दोष.

छातीत धडधडतं म्हणून घाबरणाऱ्याही पुष्कळ. गरोदरपणात नाडी मिनिटाला दहा-वीस ठोक्यांनी वाढतेच. पण हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल किंवा थायरॉईड बिघडलं असेल, तरी असंच होतं. ‘मनाचे खेळ’ म्हणण्याआधी रक्त तपासा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर महिलांची मोफत तपासणी असते.

नवरे मंडळी, ती रात्री दोनला म्हणाली, ‘बाळ हलत नाहीये वाटतं,’ तर ‘झोप, काही नाही होत’ म्हणू नका. दिवस भरत आले असतील तर तिला डाव्या कुशीवर झोपवा, शेजारी बसा, दोघं मिळून हालचाल मोजा. दोन तासांत दहा हालचाली भरल्या नाहीत, किंवा नेहमीपेक्षा कमी वाटल्या, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. भरल्या तर झोपा दोघंही.

काळजी आजाराकडे झुकतेय हे ओळखायचं कसं? दोन आठवडे झाले तरी झोप नाही, घास उतरत नाही, तोच विचार घोळतोय, अचानक श्वास कोंडून घाम फुटतोय, तर सांगा. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी सांगा. तपासणीची तारीख लांब असेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात.

एक चिठ्ठी आलीय. ‘चिंतेची गोळी चालू आहे आणि दिवस राहिलेत. बंद करू का?’ स्वतःहून बंद करू नका. एकदम थांबवली तर त्रास उसळून येतो. सर्ट्रालीनसारखी काही औषधं गरज असेल तर गरोदरपणात देतात. सोडियम व्हॅल्प्रोएटसारखी काही शक्यतो टाळायची असतात, आणि ती बदलण्याचा निर्णयही डॉक्टरांचाच. उद्याच गोळ्यांची पट्टी घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, आणि तीच पट्टी तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनाही दाखवा.