हंसाची पिल्ले पाण्यात उतरतात तेव्हा

मित्रहो, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमधल्या ॲबट्सबरी या गावी, खाऱ्या पाण्याच्या एका लांबट खाजणाच्या काठी मूक हंसांची फार जुनी वसाहत आहे. तिचा लेखी उल्लेख १३९३ सालचा आहे. एरवी हंसांची जोडी आपल्या हद्दीत दुसऱ्या जोडीला फिरकू देत नाही, पण इथे शंभरावर घरटी शेजारी शेजारी असतात आणि मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत पिल्ले बाहेर पडताना पायवाटेवरूनही दिसतात.

मादी साधारण दिवसाआड एक अंडे घालते आणि पाच-सात अंडी पुरी होईपर्यंत नेटाने उबवायला बसत नाही. त्यामुळे आधीचे अंडेही वाढीसाठी थांबून राहते आणि पाच आठवड्यांनंतर सगळी पिल्ले जवळपास एकाच वेळी बाहेर येतात. तसे झाले नसते, तर एक पिल्लू पाण्याकडे निघालेले आणि दुसरे अजून टरफलात, अशा वेळी आईने कोणाला सांभाळावे?

आता एक अंडे जवळून पाहू. आतल्या पिल्लाच्या चोचीच्या टोकावर पांढरट, कठीण असा बारीकसा उंचवटा असतो. त्याने ते आधी अंड्याच्या रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीचा पापुद्रा फोडते, पहिला श्वास घेते आणि आतूनच बारीक आवाज काढू लागते. मग टरफलाला ताऱ्यासारखा तडा जातो. पिल्लू टोचते, दमून थांबते, जरा वळते, पुन्हा टोचते. या कामात दिवस उलटून जातो. कोणाला मदत करावीशी वाटेल, पण ते थांबणे वाया जात नाही, कारण त्याच काळात उरलेला बलक पोटात ओढला जात असतो आणि पुढचे एक-दोन दिवस पिल्लाचा शिधा तोच असतो. बाहेर येते ते ओले, लुळे, मान न सावरणारे पिल्लू. काही तासांत ते वाळून करड्या लवेचा गोळा होते.

दुसऱ्या दिवशी ते पाण्यात असते. हंसीण पिल्लांना पोहायला शिकवते, असे आपण सहज म्हणतो, पण मला ते बरोबर वाटत नाही. लवेत अडकलेली हवा पिल्लाला तरंगत ठेवते आणि पडदेदार पाय आपोआप वल्ह्यासारखे चालतात. त्याला खरोखर शिकायचे असते ते कोणाच्या मागे जायचे हे. राखी हंसकांवरील (इंग्रजीत ग्रेलॅग गूज, हंसांच्या नात्यातले पक्षी) १९३५ सालच्या आपल्या लेखनात प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कॉनराड लॉरेन्झ यांनी दाखवले की, जन्मल्यावर जे हलताना दिसते त्यामागे पिल्लू जाते, मग तो माणूस का असेना. आई पाण्यात उतरते म्हणून पिल्लूही उतरते.

खोल पाण्यातले शेवाळ पिल्लांच्या आवाक्यात नसते, म्हणून आईबाप ते उपटून वर आणतात, पायांनी पाणी ढवळून तळचे अन्न पृष्ठभागावर आणतात. गारठलेले पिल्लू आईच्या मागच्या बाजूने धडपडत वर चढते. ती पंख किंचित उचलते, आणि पांढऱ्या पिसांतून एक करडे डोके बाहेर डोकावू लागते.