हेमिसचा हिवाळा

श्रोतेहो, नमस्कार.

"लडाखला? आणि ऐन जानेवारीत? अगं, तिथं आता बघायचं काय?" निघताना घरातल्या प्रत्येकानं हेच विचारलं. मी बघायला निघाले होते हिमबिबट्या, आणि त्याची भेट हवी तर कडाक्याच्या थंडीतच जायला हवं.

सिंधू ओलांडून लेहच्या दक्षिणेला गेलं की हेमिस राष्ट्रीय उद्यान. १९८१ साली स्थापन झालेलं, सुमारे ४,४०० चौरस किलोमीटरचं. आपल्या ताडोब्यासारखी जिप्सी इथं नाही. डोंगर पायानंच चढायचे आणि मुक्काम उद्यानातल्याच गावात करायचा. आमचा होता रुंबकला.

हिवाळ्यात वरच्या कुरणांवर बर्फ साचतं, भरल म्हणजे निळ्या मेंढ्या चाऱ्यासाठी खाली उतरतात आणि त्यांच्या मागोमाग हिमबिबट्याही येतो. शिवाय जानेवारी ते मार्च हे हिमबिबट्यांच्या मिलनाचे दिवस. कड्यांच्या कडेनं, दगडांवर वास सोडत नर-माद्या हिंडतात.

दोन दिवस आम्हाला फक्त पावलांचे ठसे दिसले. तिसऱ्या दिवशी वाटाड्यानं दुर्बीण समोरच्या उतारावर लावली. मी डोळा लावला. दगड, दगड आणि दगड! तो हळूच म्हणाला, "शेपूट बघा." आणि त्यातला एक दगड हलला. राखाडी, जाडजूड, जवळजवळ अंगाएवढी लांब शेपूट. ती त्यानं नाकावर ओढून घेतली आणि तो पुन्हा झोपला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते थंडीमुळे नव्हे.

जाणार असाल तर एक नक्की पाळा. लेह ३,५०० मीटरवर आहे. विमानातून उतरल्यावर दोन दिवस नुसते पडून राहा, पाणी पीत राहा. डोंगर कुठं पळून जात नाहीत. रात्री पारा उणे वीसपर्यंत उतरतो. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या पांघरुणात घेऊन झोपायचं.

पण मला सांगायचंय ते आमच्या घरमालकिणीबद्दल. 'आमा-ले' म्हणायचो आम्ही त्यांना, म्हणजे आई. त्यांनी मेंढ्यांचा वाडा दाखवला. दगडी भिंती आणि वर जाड तारेची जाळी. पूर्वी वाडे उघडे असत. हिमबिबट्या आत उडी मारी, घाबरलेल्या मेंढ्यांना पळायला जागा नसे, एका रात्रीत कितीतरी जनावरं जात. वर्षाची कमाई गेल्यावर माणसं काठ्या-दगड उचलणार नाहीत तर काय करणार? जाळ्या आल्या, २००० नंतर होमस्टे सुरू झाले, पाहुण्यांचे पैसे थेट घरात येऊ लागले. २०२४ साली जाहीर झालेल्या गणनेत देशात ७१८ हिमबिबटे होते, त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये. त्या आकड्यामागे मला असे वाडे दिसतात.

त्या संध्याकाळी आमा-लेंनी मेंढ्या मोजून आत घेतल्या, कडी लावली, ओढून पाहिली. मग समोरच्या काळ्या कड्याकडे बघत म्हणाल्या, "आज तो उपाशीच आहे वाटतं." आणि बुखारीच्या शेगडीत शेणी घालायला आत गेल्या.