एका गोलने हुकलं होतं

फुटबॉल कोच युर्गन क्लॉप म्हटलं की आपल्याला डॉर्टमुंडची 2011 आणि 2012 ची बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीची टॉप लीग आठवते, लिव्हरपूलची 2019 ची चॅम्पियन्स लीग आठवते, 30 वर्षांनी आलेलं लीग टायटल आठवतं. पण हा माणूस घडला माइन्ट्समध्ये, ऱ्हाइनच्या काठावर, सेकंड डिव्हिजनच्या एका छोट्या क्लबमध्ये.

1990 ला तो तिथे स्ट्रायकर म्हणून आला, नंतर मागे डिफेन्सला गेला, लीगच्या 325 मॅचेस आणि 52 गोल. पायात फार जादू नव्हती, हे तो स्वतःच सांगतो. डोकं मात्र जबरदस्त, आणि त्या डोक्याला वळण दिलं कोच वोल्फगांग फ्रँकने. तेव्हा जर्मनीत जवळपास सगळे मागे एक लिबेरो, म्हणजे डिफेन्सच्याही मागे मोकळा फिरणारा एक खेळाडू ठेवायचे, फ्रँकने तो काढला, चौघांची सरळ लाइन लावली, आणि बॉल गेला रे गेला की सगळ्यांनी मिळून तुटून पडायचं. ओळखीचं वाटतंय ना?

फेब्रुवारी 2001. टीम रेलिगेशनच्या, म्हणजे खालच्या डिव्हिजनला घसरण्याच्या तोंडाशी, कोचला काढलेलं, आणि मॅनेजर क्रिस्टियान हायडेलने टीममधल्याच 33 वर्षांच्या क्लॉपला कोच केलं. कालपर्यंत ज्यांच्यासोबत खेळला त्यांनाच आता टीममध्ये घ्यायचं की बसवायचं हे ठरवायचं! पहिल्याच मॅचला ड्यूसबुर्गला 1-0 हरवलं आणि सीझनच्या शेवटी टीम वाचली.

2002 ला प्रमोशन, म्हणजे वर बुंडेसलीगात जाणं, एका पॉइंटने गेलं. आणि 2003, तो शेवटचा दिवस बघवत नाही खरंच. माइन्ट्स ब्राउन्श्वाइगमध्ये 4-1 जिंकली, पोरं मैदानातच थांबली, कारण प्रमोशनसाठी ज्यांच्याशी टक्कर होती त्या फ्रँकफर्टची मॅच तिकडे अजून चालू होती. फ्रँकफर्ट 83 व्या मिनिटापर्यंत 3-3 वर अडकलेली, आणि मग एक, दोन, आणि इंज्युरी टाइममध्ये तिसरा, 6-3. पॉइंट्स सारखे, गोल डिफरन्समध्ये (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) माइन्ट्स फक्त एका गोलने मागे. सलग दुसऱ्या वर्षी प्रमोशन हुकलं.

असं झाल्यावर टीम मोडते हो. ही मोडली नाही. 2004 ला 54 पॉइंट्सवर, म्हणजे जिंकल्यावर तीन पॉइंट्स मिळायला लागल्यापासून एवढ्या कमी पॉइंट्सवर आधी कोणी वर गेलंच नव्हतं, माइन्ट्स इतिहासात पहिल्यांदा बुंडेसलीगात पोचली.

2007 ला टीम परत खाली आली तरी तो थांबला, वर न्यायला एक वर्ष झगडला, जमलं नाही. 2008 ला निरोप घ्यायला स्टेजवर उभा राहिला, आणि समोरच्या गर्दीकडे बघून ढसाढसा रडला.