बैलांना दोन सुट्या, आईला एकही नाही

(हंगामाच्या उपकारस्तुतीच्या दिवशी बेळगावात दिलेले व्याख्यान, थोडे संपादित करून.)

पाळकसाहेब, मंडळीतल्या भावांनो आणि बहिणींनो,

इथं समोर भाताच्या लोंब्या ठेवल्यात, रताळी आहेत, कुणीतरी अख्खा भोपळा उचलून आणलाय. पिकाबद्दल आपण दरवर्षी देवाचे उपकार मानतो. विसाव्याबद्दल उपकार मानताना मात्र मी कुणाला फारसं ऐकलं नाही, म्हणून आज तेवढ्याच विषयावर बोलतो.

माझं गाव इथून लांब नाही. आमच्याकडे सोमवारी बैल जुंपत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा वार. लक्ष्मीच्या यात्रेआधी वार पाळणूक असते ती वेगळीच. पंच ठरवतील त्या वारी शेतात काम बंद. आमचं घर ख्रिस्ती, त्यामुळे रविवारी औत धरायचं नाही, आणि गावाचा मान राखायचा म्हणून सोमवारीही नाही. म्हणजे आमच्या बैलांना आठवड्याला दोन सुट्या! धूळवाफ पेरणीच्या दिवसांत पाऊस तोंडावर आलेला असायचा. शेजारी रविवारी कुरी, म्हणजे पेरायची पाभर, धरायचे. आप्पा उपासनेहून येऊन बांधावर उभे राहायचे, आभाळाकडे बघायचे आणि घरी परतायचे. औत त्यांनी कधी काढलं नाही.

दहा आज्ञांमधली शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची आज्ञा पवित्र शास्त्रात दोनदा येते आणि दोन्हीकडे कारण वेगळं दिलंय. निर्गमच्या विसाव्या अध्यायात कारण आहे सृष्टीचं: देवाने सहा दिवसांत सगळं निर्माण केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात सृष्टीची गोष्टच नाही. तिथं म्हटलंय, तू मिसर देशात दास होतास हे विसरू नकोस. मला हे दुसरं कारण फार जवळचं वाटतं. दासाला सुट्टी नसते. विटा थापणाऱ्या इस्राएल लोकांना फारोने, म्हणजे मिसरच्या राजाने, सुट्टी दिली नव्हती. उलट पेंढा द्यायचा बंद केला आणि विटा मात्र तेवढ्याच मागितल्या. त्या लोकांना देवाने बाहेर काढलं आणि सांगितलं, एक दिवस थांबा, आणि तुमच्याकडे राबणाऱ्यांनाही थांबू द्या. दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आतला उपरी, सगळ्यांची नावं घेऊन सांगितलंय. निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात दासीच्या मुलाने आणि उपऱ्याने ताजंतवानं व्हावं असं म्हटलंय. तिथला मूळ हिब्रू शब्द श्वास घेण्याशी नातं सांगणारा आहे. आणि तोच शब्द एकतिसाव्या अध्यायात खुद्द देवासाठी वापरलाय. देवाचा विसावा आणि दासीच्या पोराचा विसावा एकाच शब्दात! मी हे पहिल्यांदा समजून घेतलं त्या रात्री मला झोप आली नाही.

आपण प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून रविवार पाळतो, काही बंधू शनिवार पाळतात. त्या वादात मी शिरत नाही. पण रविवारची सुट्टी सगळ्यांना आयती मिळाली असं कुणी समजू नये. ३२१ साली सम्राट कॉन्स्टंटाईनने रविवारच्या विसाव्याचा हुकूम काढला, त्यातूनही शेतकऱ्यांना वगळलं होतं. मुंबईच्या गिरण्यांत माणसं आठवडाभर राबत होती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे वर्षानुवर्षं मागत राहिले, तेव्हा १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवार मिळाला. लोखंडे ख्रिस्ती नव्हते, सत्यशोधक होते. रविवार खंडोबाचाही वार. मला त्यात देवाचाच हात दिसतो, आणि त्यांचं नाव आपल्या उपकारस्तुतीत घ्यायला मला काही संकोच वाटत नाही.

आता आईकडे येतो.

दासापासून गाढवापर्यंत सगळे मोजलेल्या त्या यादीत बायकोचं नाव नाही. मुलगा आहे, मुलगी आहे. अभ्यासक सांगतात, 'तू' म्हटलं त्यातच ती आली. आली असेल. पण आमच्या घरात ती त्या 'तू'मध्ये आली नव्हती. रविवारी बैल गोठ्यात रवंथ करत बसायचे आणि आई पाट्यावर खोबरं-तीळ वाटत असायची, कारण रविवारी मटण. पाहुणे असले तर जोंधळ्याच्या भाकऱ्यांची चळत वाढायची. उपासनेत ती मागच्या बाकावर, दाराजवळ बसायची. उपदेश संपत आला की पदर सावरून हळूच उठायची, कारण घरी चूल पेटवायची असायची. शेवटचं गीत आणि आशीर्वचन तिच्या वाट्याला कधी आलं नाही.

एका रविवारी पाळकांनी मान्नाचा, म्हणजे रानात देवाने इस्राएल लोकांना दिलेल्या अन्नाचा अध्याय वाचला, निर्गमचा सोळावा. सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करा, सातव्या दिवशी रानात काही मिळणार नाही. आप्पा घरी येऊन बराच वेळ बोलले नाहीत. मग चुलीपाशी गेले आणि म्हणाले, "बस गे जरा."

आई म्हणाली, "बसून कसं चालंल? भाकऱ्या कोण थापणार?"

पुढच्या शनिवारी संध्याकाळी आप्पांनी स्वतः लाकडं फोडून ठेवली, आम्हा पोरांना पाणी भरायला लावलं, आणि भाकऱ्या दुप्पट झाल्या. रविवारी शिळी भाकरी, दही आणि शेंगदाण्याची चटणी. मटण बुधवारवर गेलं. पहिल्या रविवारी मी सारखा मागे वळून बघत होतो. शेवटचं गीत सुरू झालं तरी आई बाकावरच होती. आशीर्वचनाला सगळे उभे राहिले, तशी तीही उभी राहिली. डोळे मिटलेले, दोन्ही हात समोरचं बाक घट्ट धरलेले. बोटांच्या पेरांत आदल्या दिवशीचं पीठ अजून होतं.

आज अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव झाला की प्रीतिभोजन आहे. सकाळपासून महिला मंडळ मागे स्वयंपाकात आहे. हे व्याख्यान त्यांच्यातल्या कुणी ऐकलेलंही नाही. पाळकसाहेबांशी मी बोललोय. वाढायचं आणि भांडी घासायची ती आज आपण पुरुषांनी. तरुण संघातल्या मुलांनी बाह्या सरसावून आताच मागे जावं आणि बहिणींना इथं पाठवावं. आशीर्वचन त्या येऊन बसल्यावरच होईल.