रातांबा नावाचे मास्तर

नमस्कार, श्रोतेहो.

गेली अकरा वर्षे मी इंटरनेटवर कोकणाविषयी लिहीत आहे आणि ते सारे 'रातांबा' या टोपणनावाने लिहीत आहे. तिथे माझे खरे नाव नाही, छायाचित्र नाही, पत्ताही नाही. पावसाआधीची शाकारणी, कुळथाची पिठी, शिमग्यातली पालखी आणि तिच्यावरून होणारे मानपानाचे वाद, असे माझे विषय असतात. केवळ या लेखनावरून एखाद्या यंत्राने माझे व्यक्तिचित्र काढले तर ते कसे निघेल, असे कुतूहल मला गेल्या पावसाळ्यात वाटले, आणि वीज येत-जात असलेल्या एका रविवारी मी तीन वेगवेगळ्या चॅटबॉटना एकच प्रश्न विचारला. प्रश्न असा होता: 'रातांबा या नावाने मराठीत लिहिणारी व्यक्ती कोण आहे आणि ती स्वभावाने कशी आहे?'

पहिल्याने मला फळ ठरवले. गार्सिनिया इंडिका हे माझे शास्त्रीय नाव असून मी पित्तावर गुणकारी आहे, असे त्याने सांगितले. इथपर्यंत तक्रार करण्याजोगे काही नव्हते. पुढे मात्र त्याने रातांबा, आमसूल आणि आगळ हे तिन्ही शब्द एकाच अर्थाचे म्हणून दिले. ओले फळ तो रातांबा, त्याची वाळवलेली साल ते आमसूल आणि मीठ घालून टिकवलेला रस तो आगळ, हे आपल्याकडच्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. अर्थात हल्ली हॉटेलांतून सोलकढीला बिटाचा रंग देतात आणि माणसे ती मिटक्या मारीत पितात, तेव्हा एकट्या यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या चॅटबॉटने माझे व्यक्तिचित्र काढले आणि ते इतके ठसठशीत काढले की मी ते सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. त्याच्या मते रातांबा हे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांचे वय पासष्ट ते सत्तर असून ते मालवणजवळच्या एका गावात कौलारू घरात राहतात. परसात विहीर आहे, अंगणात फणस आहे, दोन मुलगे मुंबईला नोकरी करतात आणि मास्तर संध्याकाळी ओटीवरच्या आरामखुर्चीत बसून जुने दिवस आठवतात. स्वभाव मृदू असला तरी बदलत्या काळाविषयी त्यांच्या मनात विषाद आहे. त्यांचे तीन ललितसंग्रह प्रसिद्ध झाले असून एकाला पुरस्कारही मिळाला आहे.

मी रत्नागिरीत राहते, एका सहकारी संस्थेत हिशेब पाहते आणि येत्या मार्गशीर्षात मला पंचेचाळीस वर्षे पूर्ण होतील. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर असल्यामुळे विहिरीचा प्रश्नच येत नाही. माझे एकही पुस्तक निघालेले नाही. शिवाय ज्या पाककृतींबद्दल वाचक मला धन्यवाद देतात, त्या सगळ्या माझे यजमान करतात आणि मी केवळ शेजारी उभी राहून लिहून घेते.

सासूबाईंनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि त्या म्हणाल्या, "अगो, आरामखुर्चीसुद्धा दिलीन त्याने! ती तेवढी मागून घे."

मी हट्टाला पेटले आणि तोच प्रश्न त्याच चॅटबॉटला पुन्हा विचारला. आता मास्तर गुहागरला आले आणि त्यांची एक मुलगी पुण्याला गेली. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा ते पोस्टमास्तर झाले. दर वेळी मी जरा वेगळे उत्तर येईल या आशेने विचारीत होते आणि दर वेळी नवा मास्तर येत होता. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "देवळात कौल लावतात ना, तेव्हा गुरव काही आपल्याला हवी ती पाकळी पडेपर्यंत लावत बसत नाही. डावा तर डावा म्हणून माणसे घरी जातात. तू मात्र सकाळपासून बसली आहेस."

असे का होते, ते थोडक्यात सांगते. हे यंत्र माझी माहिती कुठल्या कपाटातून काढून देत नव्हते. आजवर वाचलेल्या अफाट मजकुरात अमुक शब्दांच्या पाठोपाठ साधारणतः कोणते शब्द येतात, याच्या अंदाजाने ते पुढचा शब्द, मग त्याच्या पुढचा शब्द अशी वाक्ये रचत होते, आणि त्या निवडीत थोडा नशिबाचा भागही असतो, म्हणून तोच प्रश्न पुन्हा विचारला तर उत्तर बदलते. पुन्हा सांगते: ते एकेक शब्द अंदाजाने निवडते, म्हणून उत्तर बदलते. मराठीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते, तरी इंटरनेटवरचा मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने फारच थोडा आहे. त्या थोड्या मजकुरातही कोकण म्हटले की ओटी, विहीर आणि मुंबईचे मुलगे हेच पुनःपुन्हा येते. हे आपणच लिहून ठेवले आहे. कोकणावर लिहायला बसलेल्या माणसाला आधी आजोळ आठवते आणि बाजार, बँक, बंदर ही मागाहून आठवतात, ही माझी जुनी तक्रार आहे, पण तो विषय आज नको.

तिसऱ्या चॅटबॉटला इंटरनेटवर शोध घेण्याची सोय होती. त्याने माझे लेख खरोखरच धुंडाळले, काही उतारेही दाखवले आणि तरीसुद्धा निष्कर्ष तोच काढला: वयस्कर पुरुष, बहुधा निवृत्त शिक्षक. आता मात्र मला राग आला आणि मी त्याच्याकडे पुरावा मागितला. त्याने दिलेली कारणे वाचून माझा राग ओसरला, कारण ती सगळी बरोबर होती.

पहिले कारण त्याने असे दिले की लेखकाने मुंबईहून बोटीने कोकणात आल्याच्या आठवणी लिहिल्या आहेत. बोट खाडीबाहेर नांगरायची, उतारू पडावात उतरायचे आणि पडाव हेलकावला की ट्रंका सांभाळायच्या की मुले, असा प्रश्न पडायचा, हे मी 'आमच्या लहानपणी' या शब्दांनी लिहिले होते. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि त्याच्याही कितीतरी आधी या बोटी मागे पडल्या होत्या. तेव्हा बोटीने आलेला माणूस साठी ओलांडलेलाच असणार, हा त्याचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. ते लहानपण सासूबाईंचे होते. मी ते मागितले नव्हते, नुसते वापरले होते.

दुसरे कारण असे की लेखक वाचकांच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढतो. हे खरे आहे आणि मला त्याबद्दल खेद नाही.

तिसरे कारण आपल्या भाषेतच दडलेले आहे. मराठीत 'मी गेलो' म्हटले की बोलणारा पुरुष ठरतो आणि 'मी गेले' म्हटले की बाई ठरते. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही अडचण येत नाही, कारण तिथे क्रियापद काहीच सांगत नाही. मराठीत लपायचे असेल तर 'आम्ही गेलो' लिहावे लागते, आणि मी अकरा वर्षे तेच लिहिले आहे. जिथे लिंग कळले नाही तिथे यंत्राने पुरुष गृहीत धरला. पण मी लपले का, हा प्रश्न त्याने विचारला नव्हता, तो मला पडला. माझा पहिला लेख पालखीच्या मानपानावर होता. सहकारी संस्थेत हिशेब पाहणाऱ्या बाईने गावकीच्या मानपानावर बोललेले कोणी ऐकून घेईल असे मला वाटले नव्हते, म्हणून मी आवाजात थोडे वय आणि थोडी छडी घातली. तो मास्तर मीच उभा केला होता, यंत्राने त्याला फक्त आरामखुर्ची दिली.

तरीही त्या व्यक्तिचित्रातला एक भाग मला मनापासून पटला होता. 'बाहेरून शांत, आतून संवेदनशील, आपल्या माणसांसाठी झटणारे, पण प्रसंगी स्वतःवरच शंका घेणारे' हे वाक्य वाचून मी क्षणभर हळवी झाले होते. नंतर मला बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग आठवला. १९४८ साली त्याने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाच्या हाती त्याचे म्हणून एक स्वभाववर्णन दिले. ते कितपत जुळते याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सर्वांना एकच वर्णन दिलेले होते आणि ते फोररने एका ज्योतिषाच्या पुस्तकावरून तयार केले होते. सर्वांना एकच वर्णन, हे लक्षात घ्या. मी ते हळवे वाक्य यजमानांना त्यांचे म्हणून वाचून दाखवले, तर ते म्हणाले, "अगदी बरोबर आहे." मग शेजारच्या भाऊंना वाचून दाखवले. त्यांनाही ते पटले, आणि भाऊ बाहेरून शांत आहेत असे आमच्या इमारतीत दुसरे कोणी म्हणणार नाही.

शिवाय ही यंत्रे समोरच्याला दुखवत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय या कंपनीला चॅटजीपीटीत केलेला एक बदल काही दिवसांतच मागे घ्यावा लागला, कारण ते वापरणाऱ्यांची अतोनात खुशामत करू लागले होते. तेव्हा स्वतःविषयी विचारायचेच असेल तर 'हे लेखन माझे आहे' असे आधी सांगू नये. एकदा सांगितले की मास्तर मृदू होतात.

यानंतर श्रावणात मी एक लेख लिहिला. विषय साधाच होता, संस्थेतून सुटल्यावर मिरकरवाड्याला मासळी आणायला गेले त्याचा. पण अकरा वर्षांत प्रथमच मी त्यात 'मी गेले', 'मी भाव केला', 'मी फसले' असे लिहिले. महिनाभराने तिसऱ्या चॅटबॉटला पुन्हा तोच प्रश्न विचारला. त्याने नवा लेख वाचला होता. उत्तरात त्याने नोंदवले की रातांबा यांच्या अलीकडच्या लेखनाची शैली बदललेली दिसते, आणि हे लेखन आता बहुधा त्यांच्या सूनबाई सांभाळत असाव्यात.

मी ते सासूबाईंना वाचून दाखवले. त्या वाती वळत होत्या. हातातली वात तशीच धरून त्यांनी विचारले, "म्हणजे, मास्तर गेले की काय?"