जांघेतून की कॉलरबोनखालून?

पंचगंगेच्या काठावरच्या शेतकऱ्याला सबमर्सिबल मोटरचे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. पंपच पाण्यात बुडतो आणि पाणी पुढे ढकलतो. मोठ्या झटक्यानंतर हृदयाचा डावा कप्पा रक्त ढकलेनासा झाला, की त्या कप्प्यात उतरवला जाणारा इम्पेला हा छोटा पंप जवळपास तसेच काम करतो. हृदय सावरेपर्यंत तो रक्त खेचून महाधमनीत सोडतो. हा पंप कोणत्या वाटेने आत न्यायचा, हे मात्र प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्रपणे ठरवावे लागते.

सर्वांत झटपट वाट जांघेतील धमनीची आहे. आधी सुई, मग तार आणि तारेवरून नळी ही स्वीडिश डॉक्टर सेल्डिंगर यांनी 1953 साली मांडलेली रीत आजही कॅथलॅबमध्ये, म्हणजे धमनीतून नळी घालून हृदयावर उपचार करण्याच्या खोलीत, चालते. राधानगरी किंवा गगनबावड्याहून कोल्हापूर गाठेपर्यंत ज्याचा मोलाचा वेळ गेलेला असतो, त्याच्यासाठी वाचलेले प्रत्येक मिनिट महत्त्वाचे असते. पण इम्पेला सीपी हा पंप 14 फ्रेंच, म्हणजे सुमारे पावणेपाच मिलिमीटर जाडीचा असतो आणि धमनी अरुंद असेल तर पायाचे रक्त अडते. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या, याच पंपाच्या डेंजर शॉक चाचणीत, निवडक रुग्णांमध्ये, 180 दिवसांतील मृत्यूचे प्रमाण नेहमीच्या उपचारांनी 58.5 टक्के, तर पंपासह 45.8 टक्के होते. मात्र रक्तस्राव आणि पायाचा रक्तपुरवठा तुटणे हे धोके पंपाच्या गटात जास्त आढळले. नातेवाइकांची संमती घेताना या दोन्ही बाजू एकाच बैठकीत सांगितल्या गेल्या पाहिजेत, असे आम्हाला मनापासून वाटते.

आधार अनेक दिवस लागणार असेल, तर शल्यचिकित्सक बहुधा उजव्या कॉलरबोनखाली चीर घेऊन काखेकडे जाणारी धमनी मोकळी करतात आणि तिच्या कडेला ग्राफ्ट, म्हणजे कृत्रिम धाग्यांची विणलेली नळी, टाक्यांनी जोडतात. मिनिटाला साडेपाच लिटरपर्यंत रक्त ढकलणारा मोठा पंप या नळीतून आत सरकतो. पंप जागेवर बसला, की धमनीत फक्त पंपाचा बारीक कॅथेटर (लवचीक नळी) उरतो, त्यामुळे हाताला रक्त मिळत राहते. त्यासाठी धमनी साधारण सात मिलिमीटर रुंद असावी लागते. म्हणून आधी सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करून ती मोजतात. छाती आधीच उघडलेली असेल, तर ग्राफ्ट थेट महाधमनीला जोडता येतो.

जांघेतल्या नळीने रुग्ण पलंगाला खिळतो. कॉलरबोनखालून पंप बसवलेला रुग्ण उठून खुर्चीत बसतो, हाताने जेवतो आणि फिजिओथेरपिस्टच्या आधाराने अतिदक्षता विभागात चार पावले टाकतो.