मादारामेचा दुपारचा डबा

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका खोलीबद्दल बोलणार आहे. ही खोली जपानमधल्या एका विद्यापीठातली, आणि ते विद्यापीठही कागदावरचंच. मधोमध टेबल, कपाटांत कोंबलेली मांगाची पुस्तकं, एक टीव्ही, व्हिडिओ गेमच्या वायरींचं भेंडोळं. मंडळाचं नाव मात्र भारदस्त: आधुनिक दृश्यसंस्कृती अभ्यास मंडळ. जपानीत ते इतकं लांब होतं की त्याचं तोंडी रूप झालं ‘गेनशिकेन’. आणि अभ्यास? तो तिथे कुणीही करत नाही.

किओ शिमोकू यांची ‘गेनशिकेन’ याच नावाची ही मांगा ‘आफ्टरनून’ या मासिकात २००२ ते २००६ अशी चालली, नऊ खंड झाले. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरातली मुलं तुम्हाला सांगतील. मांगा, ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशनपट, गेम यांत आकंठ बुडालेल्या माणसाला जपानीत ‘ओताकू’ म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थ फार गमतीचा आहे: ‘आपलं घर’. समोरच्याला आदरानं ‘आपण’ म्हणायचं तर ‘आपलं घर’ म्हणायचं! आपल्याकडे जुनी माणसं बायकोचा उल्लेख ‘आमच्या घरातून’ असा करत, त्यातलाच प्रकार. हे शौकीन एकमेकांना असं अवघडून हाक मारतात म्हणून १९८३ साली नाकामोरी आकिओ या लेखकानं त्यांची टिंगल केली, आणि तो शब्द त्यांना कायमचा चिकटला. पुढे १९८९ मध्ये लहान मुलींच्या खुनांच्या प्रकरणात पकडलेल्या तरुणाला वर्तमानपत्रांनी ओताकू ठरवलं, तेव्हा तर हा शब्द शिवीसारखा झाला.

म्हणून कथेच्या सुरुवातीला सासाहारा नावाचा पहिल्या वर्षाचा मुलगा मंडळाची चौकशी करायला येतो तो चोरासारखा. आवड आहे, पण कबूल कशी करायची? मंडळातले सेंपाइ, म्हणजे सीनियर, त्याला खोलीत एकटं सोडून निघून जातात आणि लपून पाहत बसतात. पठ्ठ्या इकडेतिकडे बघतो, आणि मग हळूच हात पुढे करतो. पकडला जातो. पण कुणी रागावत नाही, कारण तिथला प्रत्येक जण तसाच आहे. मला विचाराल तर सगळी कथा या प्रवेशात आहे. बाहेर जे लपवायचं, ते या दाराच्या आत लपवावं लागत नाही.

शिमोकूंची खरी हुशारी दिसते ती साकी कासुकाबे या मुलीत. तिला यातलं काही कळत नाही, कळून घ्यायचंही नाही. तिचा प्रियकर कोसाका देखणा, टापटीप, आणि या सगळ्यांहून पक्का ओताकू. त्याला यातून सोडवायला म्हणून ती खोलीत येते, चिडते, दार आपटून जाते, दुसऱ्या दिवशी परत येते. चार वर्षं! ज्यांना मांगातलं ओ की ठो कळत नाही, त्यांनी साकीचं बोट धरून या खोलीत शिरावं.

एक प्रकरण तर मी कितीदा वाचलं असेल. खोलीत दोघंच आहेत, साकी आणि मादारामे. मादारामे म्हणजे काडीपैलवान, चष्मेवाला, भाषणबाज, मंडळाचा अध्यक्ष. त्याच्या लक्षात येतं की साकीच्या नाकातला एक केस बाहेर आलाय. सांगायचं कसं? प्रेमाच्या गेममध्ये पडद्यावर पर्याय येतात तसे त्याच्या डोक्यात पर्याय येऊ लागतात, आणि प्रत्येक पर्यायाचा शेवट वाईट! पानंच्या पानं नाकातल्या एका केसावर. हसून हसून पुरेवाट होते, आणि मग ध्यानात येतं, अरे, याला ही मुलगी आवडते.

पुढे सासाहारा अध्यक्ष होतो आणि ठरवतो, आपणही स्वतःची पुस्तिका काढून विकायची. हौशी मंडळींच्या अशा पुस्तिकांना ‘दोजिन्शी’ म्हणतात आणि त्यांचा खराखुरा बाजार म्हणजे कॉमिक मार्केट. कथेत त्याचं नाव थोडं बदललंय. हा बाजार पहिल्यांदा भरला २१ डिसेंबर १९७५ रोजी, टोकियोत अग्निशमन दलाच्या सभागृहात. ३२ गट, सुमारे ७०० माणसं, त्यांत बहुतेक शाळकरी मुली. आता तो वर्षातून दोनदा ‘टोकियो बिग साइट’ या प्रदर्शन केंद्रात भरतो आणि लाखोंनी माणसं येतात. तिथे कुणी गिऱ्हाईक नसतं. विकणारा, घेणारा, राबणारा, सगळे ‘सहभागी’. मला हे फार आवडतं.

तर पुस्तिका. चित्रं काढायची मंडळातल्याच कुगायामानं, आणि त्याच्या हातून काही होत नाही. छपाईची तारीख जवळ येते, सासाहाराचा तोल सुटतो, भर खोलीत भांडण होतं. आपल्याकडे एकांकिका स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात तालमीच्या हॉलमध्ये जे झालेलं असतं, ते आठवा. हुबेहूब तेच!

नंतर मंडळात ओगिउए नावाची मुलगी येते, ‘मला ओताकूंचा तिटकारा आहे’ असं ठणकावत. शाळेत असताना तिनं वहीत काढलेली चित्रं भलत्या हातात पडली आणि त्याचे फार वाईट परिणाम झाले. ती हकीकत मी इथे सांगत नाही, ती चित्रांतूनच वाचायला हवी.

शाळा-कॉलेजच्या कित्येक मांगांत वर्षं सरतात पण मुलं त्याच वर्गात राहतात. इथे तसं नाही. नोकरीसाठी मुलाखती द्याव्या लागतात, नकार येतात. सासाहारा धडपडत मांगाचा संपादक होतो. मादारामे पास होऊन नोकरीला लागतो, पण विद्यापीठाच्या अगदी जवळच. रोज दुपारी विकतचा डबा घेऊन तो खोलीत येतो, जेवतो, जातो. जवळ पडतं म्हणून, असं सांगतो. खरं कारण टेबलाच्या पलीकडे बसलेलं असतं.

शेवटच्या खंडात साकीही पदवी घेऊन निघून जाते. पुस्तक मिटल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न आला, आता मादारामे डबा कुठे खाणार? २०१० साली शिमोकूंनी दुसरं पर्व सुरू केलं. पहिल्या पर्वाइतकं ते मला रुचलं नाही, पण उघडलं आणि आधी तेच शोधलं. खोलीत ओगिउए अध्यक्ष, बरेच चेहरे नवे, आणि मादारामेच्या फेऱ्या अजून चालूच होत्या.